‘काय करतो?’ या प्रश्नाचे उत्तर

आपल्या मंडळींत कुठेही नवी ओळख झाली की नाव, गाव विचारून होते न होते तोच तिसरा प्रश्न येतो, ‘काय करता?’ मुलगी दाखवायला निघालेला बाप मुलाविषयी हेच विचारतो, ‘मुलगा काय करतो?’ खानदेशातून, कोकणातून, देशावरून गुजरातेत येऊन स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या घरांत हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा. आपले वाडवडील इकडे आले ते कामासाठीच, आणि परमुलखात त्यांना पत मिळाली तीही कामामुळेच.

माझ्या धाकट्या भावाविषयी हा प्रश्न कोणी विचारला की आई विषय बदलत असे. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. बुद्धीची वाढ उशिरा आणि अपुरी झालेली. त्या काळी अशा मुलांना ‘मतिमंद’ म्हणत. आज ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतात. शब्द सुधारला हे चांगलेच झाले. प्रश्न मात्र शब्दाने सुटत नाही. अशा मुलांना रोजगाराची आणि जगण्याची कौशल्ये शिकवावीत, असे आज सर्वत्र सांगितले जाते. ते कशासाठी? ती मिळवती व्हावीत म्हणून, की ती माणसे आहेत म्हणून? आणि मिळवती झालीच नाहीत, तर शिकवणे वाया गेले काय?

या प्रश्नाला इतिहास आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. आपल्या चलथाणलगतचा पलसाणा हा तेव्हा त्याच संस्थानाच्या नवसारी प्रांतातला महाल. त्या कायद्याचा अभिमान आपण आजही सांगतो. पण जे मूल पाटीवरचा ‘क’ गिरवूच शकत नाही, त्याने शाळेत येऊन करायचे काय, हा प्रश्न उभा राहायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. मुंबईत १९४४ साली एका मातापित्याने आपल्या जय नावाच्या मुलीसाठी शाळा काढली. तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ सुरू केली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली ‘प्रबोधिनी’ उभी केली, तीही स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. यांतल्या दोन संस्थांचा उगम थेट घरातल्या दुःखात आहे. माझा भाऊ शाळेच्या वयाचा झाला तेव्हा ‘कामायनी’ला पाच वर्षे झाली होती. आम्हाला तिची वार्ताही नव्हती. आईला एकच ठाऊक होते, की लेकराला काही कमी पडू द्यायचे नाही.

तिने काही कमी पडू दिलेही नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत ती त्याच्या सदऱ्याची बटणे लावत होती, भात कालवून देत होती. २०१६ साली ती गेली आणि मी त्याला चलथाणला आमच्या घरी आणले. पहिल्या सकाळी तो न्हाणीघराच्या दारात बटणे उघडी ठेवून उभा राहिला. कोणीतरी येईल म्हणून. त्या क्षणी मला प्रथम जाणवले की आमच्या घरातल्या अपार मायेने त्याचे हातच काढून घेतले होते. हा दोष आईचा म्हणण्याची माझी छाती नाही. मी शिकलेला होतो, सरकारी नोकर होतो. मलाही पन्नास वर्षांत ते दिसले नव्हते.

नोकरीतही दिसले नव्हते. अनुदानाच्या फाइली माझ्या टेबलावरून जात. एकदा अशा मुलांच्या लहानशा कार्यशाळेचा प्रस्ताव आला. मी त्यावर शेरा मारला की प्रशिक्षणार्थींपैकी किती जणांना नोकरी लागली याची आकडेवारी जोडलेली नाही, सबब परत. नियमाने ते बरोबरच होते. पण नोकरी हेच एकमेव फलित आहे, असे नियमाने म्हटले म्हणून मीही मानले. त्या फाइलीत असेही लिहिले होते, की सोळा वर्षांचा एक मुलगा आता स्वतः जेवतो. तो मजकूर मी वाचला आणि पान उलटले.

कायद्याचाही प्रवास असाच हळूहळू झाला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने शासकीय नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या, त्या दृष्टिहीन, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांसाठी. बौद्धिक दिव्यांगांचा त्यात समावेशच नव्हता. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, राखीव जागा चार टक्के केल्या आणि बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार यांना प्रथमच त्यांत वाटा दिला. म्हणजे ही माणसे काही काम करू शकतील, हे मान्य करायला राज्ययंत्रणेला २१ वर्षे लागली. तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मला त्याहून अधिक लागली.

आता शिकवण्याविषयी. जाणकार शिक्षक एकेका कामाचे बारीक तुकडे करतात. साडीची घडी म्हणजे आपल्या दृष्टीने एक काम. त्यांच्या दृष्टीने दहा-बारा पायऱ्या. सुरतेच्या कापडबाजारात घडी घालणे, खोक्यात भरणे, चिकटपट्टी लावणे अशा कामांना तोटा नाही आणि सवय लागल्यावर ही मुले ती मन लावून करतात. त्यांच्या एका पद्धतीने मला विशेष विचार करायला लावले. तिथे शेवटची पायरी आधी शिकवतात. शिक्षक अकरा पायऱ्या स्वतः करतो आणि बारावी मुलाच्या हातून करवतो. पुढे अकरावी आणि बारावी, मग दहावीपासून. याने होते असे की पहिल्याच दिवशी मुलाला ‘झाले!’ म्हणता येते. आपण सुरुवातीपासून शिकवतो आणि मूल अर्ध्यावर थांबले की त्याच्या वाट्याला केवळ अपयश येते. पूर्ततेचा आनंद आधी देऊन मग कष्ट मागणे ही मला नुसती युक्ती वाटत नाही. तिच्यात माणसाविषयीचा आदर आहे.

आमच्या सौ.नी याच रीतीने धाकट्याला बटणे शिकवली. शेवटचे बटण तो लावी, बाकीची त्या. चार महिन्यांनी सगळी त्याची झाली. पुढे चहा, पुढे कपड्यांच्या घड्या, पुढे कोपऱ्यावरून दूध आणणे. दुधाला नऊ महिने लागले. नोटांची चित्रे काढलेला पुठ्ठा खिशात असे. हातात आलेल्या नोटा त्याच्याशी जुळवून पाहायच्या. एके दिवशी वीस रुपये कमी आले. मी संतापलो. म्हटले, उद्यापासून दूध मी आणीन. लोक याला फसवतील.

सौ. म्हणाल्या, “आजवर तुम्हाला कोणी फसवलं नाही का? तेव्हा तुमचं घराबाहेर जाणं कोणी बंद केलं होतं?”

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो, पण चार पावले मागे उभा राहिलो. त्याने पुठ्ठा पुढे केला, वीसच्या नोटेच्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाला, “वीस बाकी छे.” दुकानदाराने चूक कबूल करून पैसे दिले. परतताना तो म्हणाला, “दादा, मी मागितले.” त्याला वजाबाकी आजही येत नाही. पण आपले काही दुसऱ्याकडे राहिले आहे आणि ते मागता येते, हे त्याला कळले. नागरिकत्वाची याहून सोपी व्याख्या मला सेवाकाळात सापडली नाही.

माया आणि आदर यांत भेद आहे, तो इथे. माया धोका टाळते. आदर धोका मोजून पत्करतो. मोजून हा शब्द महत्त्वाचा. महामार्ग ओलांडणे धाकट्याला जमले नाही, जमणारही नाही. तिथे आम्ही त्याचा हात धरतो. २०१६च्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना आहे. पालकाने त्या व्यक्तीच्या जागी निर्णय घ्यायचा नाही, तिच्यासह घ्यायचा. कुठे हात धरायचा आणि कुठे सोडायचा, हे मात्र कोणताही कायदा सांगू शकत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कामालाच प्रतिष्ठा दिली, तर ज्याला काहीच जमत नाही, जो अंथरुणाला खिळून आहे, त्याचे काय? त्याला प्रतिष्ठा नाही काय? उत्तरासाठी मी आपल्याच संतमंडळाकडे पाहतो. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. नावाला व्यवसाय जोडलेलाच. पण त्याच मेळ्यात जनाबाईही आहे. तिचे काम दळणकांडणाचे, बाजारात ज्याला मोल नव्हते असे. तिला कोणी बिनकामाची म्हणत नाही. काम माणसाला मोल देते असे नव्हे. मोल आधीच असते, काम ते प्रकट करण्याची संधी देते. म्हणून जो काही करू शकत नाही त्याचे मोल घटत नाही. आणि जो करू शकतो त्याची संधी काढून घेणे हा अन्याय ठरतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीचा आधार घेऊन दुसरी नाकारली की आपण चुकतो.

म्हणूनच दिवाळीत अशा कार्यशाळांतल्या पणत्या केवळ दयेपोटी घेऊ नयेत, असे मला वाटते. हातात घेऊन पाहाव्यात, तडा गेलेली बाजूला ठेवावी, चांगलीचे पूर्ण दाम द्यावे. तडा गेलेली पणती गोड मानून घेणे म्हणजे करणाऱ्याला कारागीर न मानणे होय.

‘आमच्यानंतर याचे काय?’ हा अशा प्रत्येक घरातला अखेरचा प्रश्न. मीही पासष्टीत आहे. माझ्यापाशी त्याचे पुरते उत्तर नाही. बटणे लावता येणे हे त्याचे उत्तर नव्हे, पण उत्तर देणाऱ्यावरचा भार त्याने हलका होतो. गेल्या महिन्यात एक दूरचे पाहुणे घरी आले. धाकट्याकडे पाहून त्यांनी जरा संकोचतच मला विचारले, “हे काय करतात?”

मी बोलण्याआधी त्यानेच उत्तर दिले, “चहा करतो. घेणार?”