मागे येणाऱ्यासाठी दिवा (गीता, अध्याय ३, श्लोक २० ते २४)



आजचा विषय लोकसंग्रह. शब्द मोठा आहे आणि आपण तो बहुतेक वेळा वाचून पुढे जातो. मीही जात होतो. गेल्या शनिवारी तो मला गाडीच्या मागच्या लाईटने समजावला.

बाबा झाईला राहतात. तलासरी तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव, पलीकडे लगेच गुजरात. त्यांची जुनी मारुती ८०० तिथेच असते, खाऱ्या वाऱ्यात. 'मागचा लाईट नीट लागत नाही, बघून घे रे,' असं बाबा गणपतीपासून सांगत होते. मी दरवेळी 'पुढच्या खेपेला' म्हणायचो. मात्र हेडलाईटचे बल्ब मी हौसेने नवीन बसवले होते, कारण ते मला दिसत होते.

शनिवारी रात्री बोर्डीहून परत येत होतो. सुरूच्या झाडांचा रस्ता, काळोख. मागच्या सीटवर माझा सहा वर्षांचा मुलगा. अचानक कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि मागून धाडकन आवाज. एक बाईक बंपरला घासली होती. बाईकवर नवरा-बायको आणि पुढे टाकीवर बसलेली छोटी मुलगी. देवाच्या कृपेने कुणाला काही झालं नाही. पण मी उतरलो तो ओरडतच, "दिसत नाही का?"

तो माणूस शांतपणे म्हणाला, "दादा, दिसायला लाईट लागायला नको का?"

मी मागे जाऊन पाहिलं. विझत आलेल्या निखाऱ्याएवढा लाल ठिपका. मुलाला ब्रेकवर उभं केलं, तरी ठिपका तेवढाच. टाकीवरची ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मला मान वर करवेना. 'सॉरी' पुटपुटलो आणि निघालो. ती बाईक पुढे जाऊ दिली आणि घरापर्यंत पार्किंग इंडिकेटर चालू ठेवून आलो.

सकाळी गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. माझ्या मते बल्ब गेला होता. नवीन घालून पाहिला, तरी तेच. काका हसले, "बल्ब चांगला आहे रे. त्याला अर्थ मिळत नाही."

गाडीत बॅटरीची एक बाजू थेट पत्र्याला जोडलेली असते. बल्बपर्यंत वायरने आलेला करंट त्या पत्र्यातूनच परत जातो. त्यालाच मेकॅनिक लोक 'अर्थ' म्हणतात. आमच्या गाडीत मागच्या दिव्यांच्या अर्थचा स्क्रू गंजला होता. करंट येत होता, पण परत जायला धड वाट नव्हती. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, टेल लाईटची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. अर्थ खराब, म्हणून दोन्ही मंद. काकांनी स्क्रू काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, वायरला नवीन थिंबल लावलं, घट्ट आवळलं आणि वर ग्रीस फासलं. वीस मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी मी बाबांना महिनोन्महिने थांबवलं होतं.

आता गीतेकडे येऊ. भगवंत अर्जुनाला जनकासारख्यांचं उदाहरण देतात आणि सांगतात की, लोकांना सांभाळून नेण्यासाठी तरी तुला कर्म करावंच लागेल, कारण पुढचा जसा वागतो तसे मागचे वागतात. मग स्वतःबद्दल सांगतात की, मला तिन्ही लोकांत मिळवायचं असं काहीच उरलेलं नाही, तरी मी कर्म करतोच, कारण मी थांबलो तर लोक माझ्याच वाटेने येतील. इथे माऊलींचा दृष्टान्त फार गोड आहे. डोळस माणूस वाटेत आंधळ्याच्या सोबतीने, त्याच्या चालीने पुढे चालतो.

हेडलाईट माझ्यासाठी असतो. जप, ध्यान, वाचन यांनी माझी वाट मला दिसते. टेल लाईट चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही, तो पूर्णपणे मागच्याचा. म्हणून तो बिघडला की आपल्याला कळतही नाही. कुणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणाऱ्यावर आपण ओरडतो.

कुणी विचारेल, मग लोकांना दिसावं म्हणून भक्ती करायची का? तो तर दंभ! नाही. ब्रेक लाईटचा स्विच पेडलपाशी असतो. पाय पडला, ब्रेक खरंच दाबला गेला, तरच दिवा लागतो. थांबायचं नाही आणि दिवा तेवढा लावायचा, हा दंभ. आत खरंच थांबायचं आणि मागच्याला कळू द्यायचं, हा लोकसंग्रह.

लाईट तर दुरुस्त झाला. पण त्याच संध्याकाळी झाईच्या किनाऱ्यावर मुलगा वाळूचा किल्ला करत होता. एका लहानग्याचा पाय चुकून त्यावर पडला, आणि माझा मुलगा उठून ओरडला, "दिसत नाही का?"

शब्द माझे, सूर माझा, कपाळावरची आठीसुद्धा माझीच. रोज सकाळी तो मला पोथी वाचताना बघतो. पण उचललं त्याने काय, तर रात्रीचं ते एक वाक्य. एकविसावा श्लोक माझ्यासमोर वाळूत उभा होता.

त्याला रागवायला तोंड उघडलं आणि थांबलो. कुठल्या तोंडाने रागवणार? शेजारी बसलो आणि सांगितलं, "काल रात्री चूक त्या काकांची नव्हती, माझी होती. आजोबांनी सांगूनही मी लाईट नीट केला नव्हता. आणि वर मीच ओरडलो." तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मग तू त्यांना नीट सॉरी म्हणालास का?" 

पुटपुटलो होतो, नीट नाही. तेही त्याला खरं सांगितलं. मग तो त्या लहानग्याकडे गेला आणि दोघं मिळून किल्ला बांधू लागले.

मंडळी, आपली चूक मागच्यांसमोर मोठ्याने कबूल करणं, हाच आपला ब्रेक लाईट. अर्थ मिळाला की तो लागतो.

आजचा संकल्प: घरातल्या एका माणसाला विचारा, "माझं कुठे चुकतंय, जे मला दिसत नाही?" उत्तर ऐकताना ओरडायचं नाही. आणि गाडी असेल तर आज रात्री भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंत दोन्ही बाजूंनी लाल झाली पाहिजे.

राम कृष्ण हरी!