स्तुती

निवृत्त झालेल्या माणसाला समाजाची सेवा करण्याची जी हुक्की येते, तिला वैद्यकशास्त्रात काहीतरी नाव असले पाहिजे. लक्षणे अगदी ठरलेली असतात. पहिल्या महिन्यात तो घरातले पंखे पुसतो. दुसऱ्या महिन्यात फोडणीला तेल किती लागते ह्यावर बायकोला दोन शब्द सांगतो. आणि तिसऱ्या महिन्यात बायकोच म्हणते, "अहो, तुम्ही समाजासाठी काहीतरी करा ना!" ह्यात समाजाचे भले व्हावे ही तळमळ किती आणि दुपारी दोन तास घर शांत असावे ही किती, ते विचारू नये.

मी सुरुवात आमच्या सोसायटीपासूनच केली. पहिल्या मजल्यावरच्या मुलाला फुकट गणित शिकवायला गेलो, तर तो अभ्यास सोडून क्लासला पळाला. तळमजल्यावरच्या आजोबांना पेपर वाचून दाखवू लागलो, तर त्यांनी कानातले यंत्र काढून टेबलावर ठेवले. ओळखीच्या लोकांना आपल्या सेवेची किंमत नसते, हे माझ्या ध्यानात आले. सेवा करायची तर लांब जाऊनच केली पाहिजे.

तेवढ्यात पुतण्या आला. म्हणाला, "काका, श्रीलंकेला जा. तीन आठवडे देश फिरायचा आणि फिरता फिरता सेवा करायची. कासवं आहेत, शाळा आहे, सगळं आहे." मग त्याने एक आकडा सांगितला.

मी म्हटले, "अरे वा! एवढे देतात?"

"देत नाहीत, काका. तुम्ही द्यायचे."

पैसे मोजून सेवा करायची ही कल्पना मला जरा नवीन होती. पण फुकटच्या वस्तूला किंमत नसते, तेव्हा सेवेलाही दर लावलेला बरा, अशी मी मनाची समजूत घातली. आमच्या हिने तो आकडा ऐकला आणि निवडत असलेली मेथी खाली ठेवली.

"एवढ्यात मावशींच्या मुलीची नर्सिंगची वर्षाची फी निघाली असती." मावशी म्हणजे आमच्याकडे अकरा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या मावशी.

"त्यांनी मागितलीय का?"

"मग कासवांनी मागितलीय?"

ह्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मी पासपोर्ट शोधायला उठलो.

मुंबईहून अडीच-तीन तासांत विमान कोलंबोला पोचते. सिंहली भाषा आपल्याच कुळातली असल्यामुळे कानाला अधूनमधून नातेवाईक भेटतात. भाताला 'बत' म्हणतात, दुधाला 'किरि', आणि दुधात शिजवलेल्या मऊ भाताला 'किरिबत'. पहिल्या दोन दिवसांत मी तीन शब्द पाठ केले. 'मम' म्हणजे मी. 'मामा' म्हणजे मामाच. रस्त्यातली पोरेसुद्धा वयस्कर माणसाला मामा म्हणतात. आणि 'स्तुती'. आभार मानायचे तर स्तुती म्हणायचे. मी, मामा आणि स्तुती! परदेशी जाऊन सेवा करणाऱ्या माणसाचे सगळे चरित्र ह्या तीन शब्दांत आटोपते, हे मला फार उशिरा कळले.

पहिला मुक्काम दक्षिणेच्या किनाऱ्यावर, कासवांपाशी. जगात समुद्री कासवांच्या सात जाती आहेत आणि त्यांतल्या पाच श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अंडी घालतात. ती अंडी कुत्र्यांच्या आणि माणसांच्या तोंडी पडू नयेत म्हणून उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. माझ्याकडे टाक्यांचे शेवाळ घासण्याचे काम होते. घरी मी आयुष्यात बादली घासलेली नाही. इथे पैसे भरून चार दिवस टाक्या घासल्या आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी बक्षीस म्हणून एक पिल्लू माझ्या तळहातावर ठेवण्यात आले. मी ते वाळूवर सोडले. इवल्याशा वल्ह्यांनी ते लाटेकडे निघाले. माझे डोळे भरून आले. फोटोही चांगला आला.

आमच्यात प्राणिशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. रात्री जेवताना ती म्हणाली, "अंकल, ती पिल्लं तीन दिवस टाकीत होती. अंड्यातल्या बलकाची थोडी शिदोरी त्यांच्या पोटात असते. तिच्या जोरावर ती जन्मल्याबरोबर सारखी पोहत सुटतात आणि खोल समुद्र गाठतात. ती शक्ती टाकीत चकरा मारण्यातच गेली की पुढे अवघड असतं."

"मग टाकीत कशाला ठेवली?"

"आपल्याला सोडता यावीत म्हणून."

मी ताटातल्या नारळाच्या चटणीकडे पाहत राहिलो. ती तिखट होतीच. डोळ्यांत पाणी यायला ते कारण सोयीचे पडले.

रविवारी सुट्टी होती म्हणून गॉलला निघालो. रेल्वे इतकी समुद्राला लागून जाते की खिडकीत बसलेल्याने हात बाहेर काढला तर लाटेशी हस्तांदोलन व्हावे. वाटेत पेरलिय लागते. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामीने इथे भरलेली आगगाडी रुळांवरून उचलून फेकली आणि ह्या एका ठिकाणी हजाराहून अधिक माणसे गेली. डब्यात मघापासून फुटाणे विकणारा गप्प झाला, का मलाच तसे वाटले कोण जाणे. त्या दिवसांत शेजारच्या गावांतून आणि मग जगभरातून माणसे धावून आली होती. पहिली आली ती अर्थात शेजारची. त्यांतल्या कित्येकांचे स्वतःचेच घर गेले होते. तेव्हा परक्याच्या मदतीला धावणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मी हसतोय ते माझ्यासारख्यांना. लाट यायची वाट न पाहता जे आधीच मदतीला जाऊन बसतात त्यांना.

दुसरा मुक्काम चहाच्या डोंगरांत. कॅण्डीहून वर जाणारी गाडी इतकी सावकाश जाते की मळ्यातल्या बायका चहाची पाने खुडताना किती बोलतात तेसुद्धा पाहून होते. तिथल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि भिंत रंगवायची, असे ठरले होते. ज्या देशाने १९४५ सालापासून पहिलीपासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत केले आणि जिथे शंभरातल्या नव्वदाहून अधिक माणसांना लिहिता-वाचता येते, तिथे मी शिकवायला गेलो होतो. हे म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा शिकवण्यासारखे झाले.

पहिल्या दिवशी मी डोके, खांदे, गुडघे ह्यांचे इंग्रजी शब्द शिकवायला घेतले. पोरांनी ते इतक्या झटपट उचलले की मला माझ्या अध्यापनकौशल्याचा अभिमान वाटला. दुपारी भिंतीचा जुना पिवळा रंग खरवडू लागलो, तर खाली गुलाबी निघाला. गुलाबीखाली निळा. निळ्याखाली हिरवा. मुख्याध्यापक शेजारी उभे होते. मी विचारले, "ही भिंत किती वेळा रंगवलीत?"

ते संकोचून म्हणाले, "तुमच्यासारखे लोक येतात तेव्हा तेव्हा. दोन-तीन महिन्यांनी येतात."

"आणि डोके, खांदे, गुडघे?"

"तेही तेव्हाच. येणारा प्रत्येक जण पहिला धडा शिकवून जातो. मुलांचा पहिला धडा फार पक्का आहे. मुद्दाम एखादी चूक करायची, म्हणजे पाहुण्यांना बरं वाटतं, हेही ती शिकलीत."

"मग तुम्ही नको का म्हणत नाही? तुम्हाला खरं काय हवंय?"

"गणिताचा शिक्षक हवाय. वर्षभरासाठी. पण तुम्ही इतक्या लांबून येता. नको म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल ना."

मंडळी, माझ्या हातातला ब्रश तिथेच थबकला. म्हणजे ह्या शाळेत सेवा चाललेली होती खरीच. फक्त ती करणारा मी नव्हतो. ही सत्तर-ऐंशी पोरे आणि हे मुख्याध्यापक मिळून माझी सेवा करत होते, आणि तीही बिनबोभाट, फोटो न काढता.

त्या रात्री झोप लागेना. परोपकार करताना करणाऱ्याला मजा आली तर तो परोपकार राहतो का? जर्मनीत कांट नावाचे एक कडक तत्त्वज्ञ होऊन गेले. आनंद वाटतो म्हणून केलेल्या उपकाराला खरी नैतिक किंमत नाही, असे त्यांनी १७८५ सालीच बजावून ठेवले आहे. पण कांट जन्मभर आपल्या गावाच्या आसपासच राहिले. कासवाचे पिल्लू त्यांच्या तळहातावर कोणी ठेवलेले नव्हते. गीतेचा सतरावा अध्याय सांगतो की दान देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता करावे. ह्यातला देश मी पाहिला होता, पण तिकिटावर. काळ रजेचा नसून निवृत्तीचा असल्यामुळे तोही माझ्याच सोयीचा. पात्र कोण, हे विचारायचे मात्र राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना विनोबांबद्दल सांगू लागलो. म्हटले, आमच्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा माणूस. १९५१ साली भूदानासाठी पायी निघाला. ते हसले. विनोबा त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. कोलंबोच्या नालंदा कॉलेजातले तरुण शिक्षक ए. टी. आरियरत्न १९५८ साली आपले विद्यार्थी घेऊन कनतोलुव नावाच्या, समाजाने वाळीत टाकलेल्या वस्तीत श्रम करायला गेले, आणि त्यातून श्रीलंकेची सर्वोदय चळवळ उभी राहिली. गांधी आणि विनोबा हे त्यांचे आदर्श. शब्दही आपलाच, श्रमदान. रस्ता आम्ही बांधतो आणि रस्ता आम्हाला बांधतो, अशी त्यांची घोषणा आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "त्यात गावाने ठरवायचं काय खणायचं ते. आणि गावानेही खणायचं. पाहुणा एकटा खणत नाही." मग माझ्या भिंतीकडे त्यांनी पाहिले नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

परत निघालो त्या दिवशी वेसाक होता. म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. घराघरावर कागदी कंदील लागले होते. आपल्या दिवाळीतले आकाशकंदील वैशाखात पाहुणे आल्यासारखे दिसत होते. आमची बस एका वळणावर आली, तर आठ-दहा पोरे झेंडे फडकावत रस्त्यात आडवी. मला वाटले संप आहे. तर ते 'दानसल' निघाले. वेसाकला लोक वर्गणी काढून रस्त्यावर मांडव घालतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला घालतात. कोणी भात देते, कोणी सरबत, कोणी चक्क आइस्क्रीम. गरीब-श्रीमंत, देशी-परदेशी काही विचारत नाहीत. २०२२ साली ज्या देशात पेट्रोलसाठी आणि गॅससाठी दिवसदिवस रांगा लागल्या होत्या, त्या देशातली ही रांग होती.

सगळी बस उतरली. मी खिडकीला चिकटून राहिलो. एक पोरगा ताट घेऊन वर आला. मी आपल्या पद्धतीप्रमाणे आधी "नको, नको" केले आणि मग खिशातून नोट काढली. त्याचा चेहरा असा पडला, की मी त्याच्या ताटात नोट नव्हे, पाल टाकली असावी.

"मामा," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "घ्या ना. तुम्ही घेतलं नाही तर आम्हाला पिन् कसं मिळणार?"

'पिन्' म्हणजे पुण्य. पण मला टोचली ती मराठीतली पिन, आणि तीन आठवडे फुगवलेल्या फुग्याला ती बरोबर लागली. मी ताट घेतले. भात, वरण, फणसाची भाजी. पोटभर जेवलो. तीन आठवड्यांत मी ह्या देशासाठी केलेले हे एकमेव उपयुक्त काम. "स्तुती," मी म्हटले, आणि प्रथमच त्या शब्दाचा सिंहली अर्थ मनात होता. तोवर मी तो म्हणत होतो सिंहलीत आणि अपेक्षा ठेवत होतो मराठीत.

कांटांची शंका मला आता फारशी छळत नाही. देताना आनंद होतो तर होवो. त्या पोरालाही होत होताच. पण माझ्या देण्यात एक खोट होती. समोरच्याला "नको" म्हणायची सोय नव्हती, आणि मला "द्या" म्हणायची सवय नव्हती. जो नुसताच देत सुटतो त्याचा हात कायम वरच राहतो, आणि वर राहिलेला हात खूप दिवसांनी आशीर्वादासारखा दिसण्याऐवजी मारायला उगारल्यासारखा दिसू लागतो.

घरी आलो. हिला सगळे सांगितले. मावशींच्या मुलीची फी भरायची, असेही जाहीर केले. ही म्हणाली, "आधी त्यांना विचारा." विचारले. मावशी म्हणाल्या, "नको भाऊ, तिला शिष्यवृत्ती लागली. पेढे आणून दिले होते की जून महिन्यात. खाल्ले नाहीत का?"

नव्हते खाल्ले. अकरा वर्षांत मावशींनी दर दिवाळीला करंज्या आणल्या, सणासुदीला पुरणपोळ्या आणल्या. आम्ही तोंडभर "कशाला हो, कशाला" म्हणत ठेवून घेतल्या आणि त्या गेल्या की वॉचमनला दिल्या. वाईट हेतू नव्हता. त्यांच्याकडून घ्यायचे कसे, हेच कधी सुचले नव्हते.

ह्या दिवाळीला मावशींनी डबा आणला. मी त्यांच्यासमोरच उघडला आणि करंजी तोंडात घातली. सारण गोड जास्त होते. डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे. मी दुसरी उचलली.

"आवडली?" मावशींनी विचारले.

"स्तुती," माझ्या तोंडून निघून गेले.

"करा की," मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "अकरा वर्षांत पहिल्यांदाच करताय."