संपाचें ऋण

लढ्याचा इतिहास लिहितांना पुढाऱ्यांचीं भाषणें सहज हातीं लागतात. त्याचा खर्च कोणीं सोसला, तें मात्र शोधावें लागतें. मुंबईच्या गिरण्यांतील १९२८ चा सार्वत्रिक संप हें याचें ठळक उदाहरण होय. कमी माणसांकडून अधिक काम करून घेण्याच्या मालकांच्या योजनेविरुद्ध सुमारें दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांबाहेर राहिले. याच संपांत लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उदयास आली आणि श्रीपाद अमृत डांगे प्रभृति कम्युनिस्ट पुढारी कामगारांच्या विश्वासास पात्र ठरले.

मार्क्सच्या मतें कामगार म्हणजे श्रमशक्तीवांचून विकण्यास कांहींच नसलेला मनुष्य. मालवण-वेंगुर्ल्याकडील गिरणी कामगार अगदीं तसा नव्हता. त्याचें घर गांवीं होतें, भाताचे दोन-चार कुणगे होते, आईबाप व बायकोमुलें बहुधा तेथेंच राहत. गांवाशीं असलेला हा संबंध वर्गजाणिवेच्या आड येतो, असें पुष्कळांस वाटे. परंतु संप सहा महिने टिकला, तो बऱ्याच अंशीं या संबंधाच्याच बळावर. मुंबईची मनिऑर्डर थांबली असतां परतलेल्या कामगारास पेज वाढणारें घर हाच संपाचा खरा निधि होता. त्या घराचें नांव युनियनच्या वहींत नव्हतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हांही कोंकणांतील घरांवर तोच भार पडला. या वेळीं पुष्कळांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडलाच नाहीं.

म्हणून हे लढे अन्यायाचे होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मुकाट्यानें सोसणें हा कांहीं सद्गुण नव्हे. मात्र कार्य न्याय्य असलें म्हणजे दुसऱ्याचा त्याग गृहीत धरण्याचा अधिकार मिळतो, हें आम्ही मान्य करीत नाहीं. स्वतःच्या संमतीनें दिलेला तो त्याग; न विचारतां घेतलेलें तें ऋण. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं गिरणगांवांतील खानावळवाल्या बायकांसाठीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें, तेव्हां कामगारांना जेवूं घालणाऱ्या हातांची निदान गणना झाली. समतेचा उच्चार करणाऱ्या प्रत्येक चळवळीनें अशी गणना लढ्यानंतर नव्हे, लढ्यापूर्वीं करावी. चूल कोणाची थंडावणार, हें त्या चुलीपाशीं बसणाऱ्या बाईस आधीं विचारावें.