निवासी मदरशात निघालेल्या मुलाचा हेतू





रमजान सरून शव्वाल लागला की मदरशांत नवे प्रवेश सुरू होतात. आपल्या शेलूबाजारसारख्या गावातूनही एखादा मुलगा पेटी व वळकटी घेऊन दूरच्या निवासी मदरशाकडे निघतो. आपण त्याला खर्चाला पैसे देतो, दुआ देतो. पण एक प्रश्न राहून जातो : ‘बाळा, तू तिकडे कशासाठी चालला आहेस?’

खरे उत्तर पुष्कळदा साधे असते. अब्बांची इच्छा आहे. थोरला भाऊ हाफिज झाला आहे. घरी हातावर पोट आहे आणि तिथे जेवणाची व शिक्षणाची सोय होते. या उत्तरांची लाज बाळगण्याचे कारण नाही. इमाम गझाली (रह.) व त्यांचे बंधू यांना वडिलांनी मृत्यूपूर्वी एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले होते. मागे ठेवलेली रक्कम संपली, तेव्हा त्या मित्राने दोघांना मदरशात दाखल होण्याचा सल्ला दिला, कारण तेथे अन्नाची सोय होती. पुढे इमाम साहेबांनी स्वतःच सांगितले, की आम्ही अन्य हेतूने ज्ञानाकडे गेलो. ज्ञान मात्र अल्लाहखेरीज कुणाचे होण्यास तयार झाले नाही.

म्हणजे आरंभीचा हेतू भाकरीचा असला तरी तो शुद्ध होऊ शकतो. मात्र लोकांनी ‘आलिम’ म्हणावे हाच शेवटचा हेतू उरला, तर त्याचा परिणाम भयंकर आहे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा सर्वप्रथम होईल त्यांत असाही एक विद्वान असेल, ज्याने कीर्तीसाठी ज्ञान मिळविले; आणि त्याचे ठिकाण नरक असेल.

हेतू शुद्ध होतो तो छडीने नव्हे, तर वात्सल्याने. मस्जिदे नबवीतील सुफ्फा ही आपली पहिली निवासी पाठशाळा. एकदा हजरत अबू हुरैरा (रजि.) भुकेने व्याकूळ झाले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दुधाचा एकच प्याला आला. प्रेषितांनी (स.) सर्व सुफ्फावासीयांना बोलावून पाजले, मग अबू हुरैरांना (रजि.) तृप्त केले आणि उरलेले सर्वांत शेवटी स्वतः घेतले. असा गुरू लाभल्यावर शिकण्याची ओढ वेगळी लावावी लागत नाही.

काही पालकांना उपजीविकेची चिंता असते, आणि ती रास्त आहे. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी (रह.) यांनी १९७९ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमची स्थापना केली. तेथे धार्मिक शिक्षणाच्या जोडीला आधुनिक शिक्षणाचीही व्यवस्था उभी राहिली. हलाल रोजीची तयारी करणे हे धर्माच्या विरोधात नाही.

म्हणून पालकहो, मुलाचा फोन आला की ‘किती पारे झाले?’ एवढेच विचारू नका. ‘जे शिकलास त्यातले काय आचरणात आले?’ हेही विचारा. त्याला घरची आठवण येत असेल तर ऐकून घ्या, रागावू नका. सुटीत तो घरी येईल तेव्हा त्याने आपल्यालाही नमाज सावकाश पढताना पाहावे.

अल्लाहने आपल्या प्रेषिताला (स.) ज्ञानात वाढ मागण्यास शिकविले (सूरह ताहा : ११४). तीच मागणी अल्लाह आपल्या मुलांच्या ओठांवर व अंतःकरणात ठेवो. आमीन.