सोपविलेले काम

गेल्या जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतल्यावर अग्रशाळेच्या ओसरीवर आप्तेष्टांचा जो मेळा जमला, त्यात आमची एक भाची आमच्याजवळ येऊन बसली. ती बी.एड.च्या शेवटच्या वर्षात आहे. 'वर्गात तंत्रज्ञानाचा उपयोग : भावी शिक्षिकेची भूमिका' या विषयावर तिला महाविद्यालयात निबंध वाचावयाचा होता, आणि तो आधी मामांच्या कानांवर घालावा, अशी तिची इच्छा होती. वकिलाला फुकट ऐकण्याची सवय नसते. पण भाचीपुढे फी कोण मागणार? आम्ही ऐकले.

निबंध चांगला होता. हृदयाचे ठोके कसे पडतात, ग्रहण कसे लागते, हे खडूने काढलेल्या चित्रापेक्षा पडद्यावर हलताना दिसले तर मुलांस लवकर उमगते. ज्या मुलाची दृष्टी अधू आहे त्यास अक्षर हवे तेवढे मोठे करून देता येते, किंवा धडा वाचून ऐकविता येतो. आणि जेथे विज्ञानाचा शिक्षकच पोहोचत नाही, तेथे निदान त्याचा आवाज तरी पोहोचतो, असे तिचे म्हणणे. यात खोडून काढण्याजोगे काही नव्हते. परंतु कागद मिटल्यावर तिने हळूच विचारले, "मामा, सगळें मशीनच शिकयता जाल्यार म्हजी गरज कित्याक?" आम्ही त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. त्याचे जे उत्तर आम्हांस सुचले ते येथे मांडीत आहो. आणि ते मांडताना आमच्या हातून घडलेली एक चूकही कबूल करणे प्राप्त आहे.

विद्येच्या नव्या साधनाविषयीचे भय फार जुने आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लेखनकलेविरुद्धच तक्रार मांडतो : लिहून ठेवण्याची सोय झाली की माणसे स्मरणशक्तीस विसरतील, आणि लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच ते सांगत राहील. आपल्याकडे 'पाणिनीय शिक्षे'त अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत लिहिलेले पाहून वाचणारा आहे, घाईने म्हणणारा आहे आणि अर्थ न जाणता म्हणणाराही आहे. तथापि लेखन टिकले. 1556 साली गोव्यात छापखाना आला, तो भारतातला पहिला. धूळपाटीवर धुळाक्षरे गिरविणाऱ्या मुलांच्या हातांत पुढे दगडी पाटी आली, भिंतीवर फळा आला, आणि विद्या काही बुडाली नाही.

भय जसे जुने, तसा अतिउत्साहही जुना. 1913 साली एडिसनने भाकीत केले होते की, चलच्चित्रांमुळे शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील. 1975-76 साली आपल्या देशातील सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे पाठ पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला. तो उपयुक्त ठरला. परंतु शिक्षकाची खुर्ची त्यानेही रिकामी केली नाही. तेव्हा 'सर्वनाश झाला' म्हणणाऱ्यावर आणि 'सुवर्णयुग आले' म्हणणाऱ्यावर, दोघांवरही सारखाच अविश्वास दाखविणे शहाणपणाचे.

मग या वेळी नवीन असे काही घडले आहे काय? आमच्या मते एक गोष्ट नवीन आहे. धूळपाटी, फळा, पुस्तक, रेडिओ, यांपैकी कोणतेही साधन मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नव्हते. उत्तर देण्याचे काम माणसाकडेच राहत असे. आज हातातले यंत्र उत्तर देते; न थकता, न रागावता, आणि पुष्कळ वेळा बरोबरही देते. सॉक्रेटिसाची तक्रार या यंत्राला लागू पडत नाही. म्हणून आता प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. तो कर्तव्याचा झाला आहे. उत्तर देण्याचे काम जर दुसरा करीत असेल, तर शिक्षकाकडे काय उरले?

येथे आमच्या व्यवसायातील एक जुना न्याय उपयोगी पडेल. ज्याच्यावर विश्वासाने एखादे काम सोपविले आहे, त्याने ते परस्पर तिसऱ्यावर सोपवू नये, असे कायदा मानतो. मुखत्याराने हिशेब लिहावयास कारकून ठेवावा, गणकयंत्र वापरावे, त्यास कोणी हरकत घेत नाही. पण हिशेब चुकला तर जाब त्याने स्वतः द्यावा लागतो. साधनाचा उपयोग वेगळा आणि जबाबदारीचा त्याग वेगळा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 24व्या कलमाने शिक्षकाची जी कर्तव्ये घालून दिली आहेत, त्यांत वेळेवर हजेरी आणि अभ्यासक्रमाची पूर्ती यांबरोबर प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पारखून त्यास लागेल ती जादा शिकवणी देणे, हेही आहे. 'प्रत्येक मुलाची' या शब्दांत सारा भार आहे. धडा सांगणे यंत्राकडे देता येईल. या मुलाला तो समजला की नाही, याचा जाब देणे दुसऱ्याकडे देता येत नाही.

न्यायालयांनी ही गोष्ट आमच्या धंदेबंधूंना चांगलीच शिकविली आहे. 2023 साली न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयात वकिलांनी यंत्राकडून लिहवून घेतलेले निवेदन दाखल केले. त्यात आधारादाखल दिलेले अनेक निवाडे मुळी अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी 5,000 डॉलरांचा दंड केला तो यंत्राला नव्हे, सही करणाऱ्यांना. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही, इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीच्या आणि तज्ज्ञाच्या सहीचे प्रमाणपत्र मागितले जाते. कारण शपथ घेणारा, उलटतपासणीला उभा राहणारा आणि खोटे ठरल्यास शरमिंदा होणारा माणूसच असतो. शाळेच्या वर्गातही आम्हांस अशीच एक सही हवी आहे.

आता आमची कबुली. आमच्या घरी गणपतीपुढे आरती झाली की आम्ही सर्व जण मंत्रपुष्पांजली खड्या आवाजात म्हणतो. गेल्या चतुर्थीस आमच्या पाचवीतल्या मुलाने विचारले, "बाबा, यातला मरुत्त कोण?" खरे सांगावयाचे तर आम्हांस आधी मारुतीच आठवला. चाळीस वर्षांहून अधिक काळ जे म्हणत आलो, त्याचा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता. अधम पाठकांतला अर्थ न जाणणारा तो आम्हीच. पण तसे मुलापुढे कबूल करणे जड गेले. "फोनला विचार," असे म्हणून आम्ही खटल्याच्या कागदांत तोंड खुपसले. मुलाने विचारले, उत्तर मिळाले, आणि ते बरोबर होते. मरुत्त हा अविक्षिताचा पुत्र, यज्ञासाठी प्रसिद्ध असलेला राजा. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात त्याची कथा आहे.

उत्तर बरोबर होते, मग चुकले कोठे? पुढील कित्येक महिने त्या मुलाने आम्हांस एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा ते आमच्या ध्यानात आले. त्याला उत्तर मिळाले होते. परंतु आपल्या बापाला हे ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही नाही, हा धडाही त्याला त्याच दिवशी मिळाला होता. यंत्राने आपले काम केले. आम्ही आमचे केले नाही. यंत्र नसते तर आम्ही निदान म्हटले असते, "ठाऊक नाही रे, उद्या भटजींना विचारू."

यावर एक रास्त आक्षेप निघेल, आणि तो आमच्या भाचीनेच सुचविला होता. ज्यांना शिक्षकच नाही त्यांचे काय? 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा सांगे तालुक्यातील मुले नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावर चढून बसत. त्यांना गुरूचे महत्त्व सांगत बसणे ही क्रूर थट्टा होईल. एकलव्यानेही मातीच्या मूर्तीपुढेच धनुर्विद्या साधली. आम्ही हे मान्य करतो. काहीच नसण्यापेक्षा पडदा शतपट बरा. मात्र अंगठा मागितला गेला तेव्हा ती मूर्ती एकलव्याच्या बाजूने एक शब्दही बोलली नाही, हेही विसरू नये. आणि जिवंत गुरूने तर त्याहून वाईट केले, हेही. मूर्तीकडून काही मागता येत नाही. दोष द्यावयाचा तो ज्याच्यावर कर्तव्य होते त्यालाच. म्हणून दूरच्या गावी टॅब्लेट पाठविला की शिक्षक पाठविण्याचे ऋण फिटले, असे सरकारने मानू नये, आणि आपणही मानू नये. पोर्तुगीज अमदानीत आपल्या गावकऱ्यांनी देवळांच्या आश्रयाने मराठी शाळा चालविल्या, तेव्हा जागेबरोबर त्यांनी शेणैमामाच्या पोटाची सोयही केली होती.

तेव्हा भाचीला आमचे उत्तर असे : बाय, पडदा लाव, चित्र दाखव, यंत्रालाही विचार. पण जे दाखवशील ते आधी स्वतः पाहून घे, आणि त्याखाली मनातल्या मनात तुझी सही कर. मुले पडद्याकडे पाहत असतील तेव्हा तू मुलांकडे पाहा; कोणाच्या कपाळाला आठी पडली, कोण उगाच मान डोलावतो, हे त्या खोलीत पाहण्याचे काम तुझ्यावर सोपविलेले आहे. आणि जे ठाऊक नसेल त्याला 'ठाऊक नाही, मिळून शोधू' असे म्हणण्यास लाजू नकोस. तुझी गरज काय, असे तू विचारलेस. तुझी गरज जाब देण्यासाठी आहे.

हे सांगण्याचा अधिकार आम्हांस थोडाच आहे. पण प्रायश्चित्ताला आरंभ केला आहे. रोज रात्री जेवणानंतर आम्ही आणि मुलगा मंत्रपुष्पांजलीचा एकेक शब्द घेऊन बसतो. जवळ शब्दकोश असतो आणि फोनही असतो. साम्राज्य आणि स्वाराज्य यांत भेद काय, येथे सध्या आमचे घोडे अडले आहे. कायद्याच्या पदवीधराला ते सांगता येत नाही, याचे मुलाला फार हसू येते. त्याने पुन्हा प्रश्न विचारावयास सुरुवात केली आहे.