सत्तराचं पुडकं

मे महिन्यात गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडे तेंदूची फळी, म्हणजे पानं मोजून घेण्याचं केंद्र, लागली की हिशेब सत्तरावर येतो. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. ओसरीवर बसून बोलता बोलता बरोबर सत्तराव्या पानाला हात थांबवणाऱ्या बायका पाहिल्या, तेव्हापासून एका जुन्या संख्येबद्दलचं माझं मत बदललं.

ती संख्या म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला की ती मिळते. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेमलो हे नाव दिलं, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून. पुढे त्यांनी आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना हर्षद म्हटलं. आपली संख्या तीही कसोटी पार करते: अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागल्यावर बरोबर १२३४५६७९ चा वर्ग येतो.

पण अशा गमतींना गणितज्ञ फारसं मोजत नसत. इंग्रज गणितज्ञ हार्डी यांनी तर १९४० च्या आपल्या पुस्तकात अंकांच्या चमत्कृतींना गंभीर गणिताच्या बाहेरच ठेवलं. कापरेकरांचं नाव जगभर झालं ते १९७५ मध्ये, गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यानंतर. मलाही हार्डी पटत असत. ३, ३७ आणि ३३३६६७ हे या संख्येचे मूळ अवयव कुठल्याही मोजणीत तेच राहतात. चढत्या-उतरत्या अंकांचा डोंगर मात्र आपल्या दहा बोटांचा, असं मी समजत होतो.

मग वाटलं, दहाऐवजी सत्तर झाले की हातचा, अशा सत्तराच्या मोजणीत एकांचा वर्ग करून तर पाहू.

शाळेतला उभा गुणाकार आठवा. एकांची ओळ दर वेळी एक घर सरकवून खाली लिहायची. पहिल्या घरात एक एक पडतो, पुढच्यात दोन, मग तीन. मध्यापर्यंत चढ, नंतर उतार. यात दहाचा संबंध कुठेच येत नाही! नऊ एकांपर्यंत हातचा लागत नाही, एवढंच दहाचं काम. दहावा एक जोडला की १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं आणि डोंगर खचतो. सत्तराच्या मोजणीत तोच डोंगर ६९ पर्यंत चढेल. त्याच्या अंकांची बेरीज ६९ चा वर्ग होईल, आणि त्या बेरजेने तो निःशेष भागला जाईल, म्हणजे तिथेही हर्षदच. हे मी कागदावर करून पाहिलं तेव्हा फार आनंद झाला. कापरेकर दहाच्या मोजणीत खेळत होते, पण त्यांच्या हाती लागलेलं त्या मोजणीपुरतं नव्हतं. हार्डींचा आक्षेप सगळ्याच चमत्कृतींना लागू नाही, असं आता मला ठामपणे वाटतं.

सत्तरावा एक आला की तोही डोंगर खचेल. मधल्या घरात सत्तर जमतील, ते घर रिकामं होईल आणि हातचा एक पुढे जाईल. ओसरीवर त्याच क्षणी पुडक्याला गाठ पडते.