चिंध्यांची मनी

सुरतच्या गोडादऱ्यात एका चाळीत एक कुटुंब राहत होतं. तिथल्या कितीतरी घरांसारखंच खानदेशातून पोटासाठी आलेलं. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी करायचा. आई घरी बसून साड्यांचे धागे कापायची, पदरावर खडे चिकटवायची. त्यांना एक मुलगा होता. तीन वर्षं पुरी झाली, तरी तो बोलत नव्हता.

तहान लागली की तो माठाकडे बोट दाखवायचा, आई पेला भरून द्यायची. डब्याकडे बोट गेलं की बिस्किट हातात यायचं. आईला त्याचं सगळं न बोलता कळायचं. साड्यांचा गठ्ठा संध्याकाळी परत द्यायचा असायचा, म्हणून ती त्याच्या हाती मोबाइल ठेवायची. त्यात खेळातलं एक मांजर होतं. कुणी बोललं की तेच चिरक्या आवाजात परत बोलून दाखवायचं. मुलगा त्याच्या पोटात बोट खुपसायचा आणि ते कोलमडलं की हसायचा. पण तो स्वतः बोलत नसे, म्हणून मांजरही गप्पच राहायचं. आईनं शेजारणीला हाक मारली, तर तेवढी हाक ते परत द्यायचं.

कुणी म्हणालं, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, पोर गोंधळलं. कुणी म्हणालं, त्याचा बापही उशिराच बोलला होता. बाप काहीच म्हणाला नाही. खात्यात मागांचा एवढा खडखडाट असायचा की माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायची. दिवसभर तसं काढून आल्यावर घरातही त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट आटोपले आणि गावाहून आजी आली. दोन दिवस तिनं नातवाकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला कडेवर घेऊन ती अंगणवाडीत गेली.

अंगणवाडीच्या बेन, म्हणजे ताई, म्हणाल्या, "माजी, दोन वर्षांची झाली की बहुतेक मुलं दोन शब्द जोडून बोलतात. आता थांबू नका. आधी कान दाखवून घ्या. ऐकूच येत नसेल तर बोलेल कसं?"

"आणि भाषेचं काय? आम्ही घरी अहिराणी बोलतो."

"तीच बोला. दोन-तीन भाषांनी पोर मुकं राहत नाही. गप्प घरानं राहतं."

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. कान चांगले निघाले. वाचा सुधारण्यासाठी ठरल्या दिवशी मुलाला घेऊन येत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि पुढं आजीनं एकही खेप चुकवली नाही. पण दोन खेपांच्या मधले दिवस घरातच काढायचे होते. आजी पुन्हा बेनकडे गेली.

बेननी तिला एक जुनी हकिकत सांगितली. भावनगरात १९२० साली गिजुभाई बधेका नावाच्या माणसानं बालमंदिर काढलं. आधी ते वकील होते. मग मुलांना गोष्टी सांगू लागले, त्यांच्यासोबत नाटकं करू लागले. आपल्या ताराबाई मोडकांनीही तिथं त्यांच्याबरोबर काम केलं. गिजुभाईंना गुजरातेत लोक प्रेमानं 'मूछाळी मा' म्हणतात, म्हणजे मिशीवाली आई.

आजी हसली. आपणही नातवाला खेळातून गोष्ट सांगायची, असं ठरवून ती घरी आली आणि तिनं सुनेकडे चिंध्या मागितल्या.

जांभळ्या साडीच्या कटपीसचं तिनं पोट केलं. त्यात कापलेल्या धाग्यांचा गुंता भरला, लेसच्या पट्टीची शेपटी लावली. सून डोळ्यांसाठी चमकते खडे घेऊन आली. आजीनं ते बाजूला ठेवले. "पोर तोंडात घालील," म्हणाली, आणि काळ्या दोऱ्यानं डोळे शिवले. एक मोठा झाला, एक बारका.

"ही मनी," ती नातवाला म्हणाली. "हिला बोलता येत नाही."

मुलानं मनीकडे पाहिलं. हिच्या पोटात बोट खुपसलं तरी ही कोलमडत नव्हती.

"मनीले भूक लागनी," आजी म्हणाली. "काय खाई ती?" आणि गप्प बसली.

मुलगा पाहत राहिला. सुनेच्या ओठांवर उत्तर आलं, तसा आजीनं तिचा हात दाबला. सुईत दोरा ओवून होईपर्यंत आजी थांबली. मग तिनं कोपऱ्यातली चप्पल उचलून मनीच्या तोंडाला लावली. मुलगा खदखदून हसला.

असं रोज चाललं. मनीला आजीनं झाडू दिला, साबण दिला, बापाचा मोजा दिला. दर वेळी विचारलं, दर वेळी थांबली. आठव्या की नवव्या दिवशी मनीच्या तोंडाशी कात्री आली, तेव्हा मुलगा ओरडला, "नही!" आजीचा हात थांबला. "मग काय?" ती हळूच म्हणाली. मुलानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मनीकडे पाहिलं. "दू," तो म्हणाला. "दू."

आईच्या हातातली साडी खाली पडली. आजीनं मात्र गलका केला नाही. "दूध हवं मनीला," एवढंच म्हणाली आणि वाटी घेऊन आली.

मुलाला घरात प्रेम भरपूर मिळालं होतं, इतकं की मागण्याआधीच हातात पडायचं. मोबाइलच्या मांजरापुढंही बोलायची गरज नव्हती. त्याला मुलाकडून काही नको होतं. मनीचं मात्र त्याच्यावाचून अडलं होतं. तिला भूक लागली की कुणीतरी तिच्यासाठी बोलायला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी घरातलं एक माणूस हातातलं काम सोडून थांबलं होतं.

दिवाळीपर्यंत मनीला सोबती मिळाले. मोज्याचा कुत्रा आला, भरतकामाच्या तुकड्याचा मोर आला. मुलगा घरात 'मनी' म्हणायचा, गल्लीतल्या पोरांत 'बिल्ली' आणि बेनसमोर 'बिलाडी'. काही अक्षरं अजून बोबडी होती. दवाखान्यातल्या खेपा चालूच होत्या.

एका रात्री बाप पाळीवरून आला. अंगावर धाग्यांची तुसं, कानात अजून मागांचा आवाज. तो भिंतीला टेकून बसला. मुलगा मनीला घेऊन आला आणि त्यानं तिला बापाच्या मांडीवर ठेवलं.

"मनीले भूक लागनी," तो म्हणाला. "काय खाई ती?"

बापानं बायकोकडे पाहिलं, आपल्या आईकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. मुलगा समोर मांडी घालून बसला होता, आजीसारखाच, गप्प. त्याला घाई नव्हती. बापानं मिशीवरून हात फिरवला, घसा खाकरला आणि म्हणाला, "चप्पल?"

"नही!" मुलगा ओरडला आणि हसता हसता त्याच्या अंगावर पडला. बापानं मनीला उचललं, तिच्या बारक्या डोळ्यावरचं धाग्याचं तूस पुसलं आणि पुन्हा विचार करू लागला.